दुसरी वेलांटी

ता. ९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघे खुशाल आहोत, तुम्हीही असाल असे धरून चालतो. भाऊजींची पाठ आता कशी आहे? भाचीचा पडलेला दात परत आला का? गेल्या पत्रात तू लाल शाईने माझ्या दोनच चुका काढल्यास. पैकी 'विहीर' कबूल. 'नवीन' मात्र मी बरोबर लिहिले होते, शाई फुटल्यामुळे तुला पहिली वेलांटी दिसली.

सुट्टी छान झाली. लग्नानंतरची पहिलीच, म्हणून तू बजावले होतेस तसे सविस्तर लिहितो. तलावाकाठचे ते विश्रामगृह दुमजली आहे. आमची खोली वरची, जिन्याकडून दुसरी. दोन खिडक्या. त्यांतली एक लागत नव्हती, ती मी बुटाच्या नाडीने बांधली. घाईबाई म्हणाली, "आपण सुट्टीला आलोय की दुरुस्तीला?" लग्नात तू ठेवलेले हे नाव तिला असे चिकटले आहे की ती कामाला जाते त्या लाँड्रीतही तिला सगळे घाईबाईच म्हणतात. पहिल्या सकाळी तिने चहा तीन घोटांत संपवला, जीभ भाजून घेतली, आणि मी बशीत ओतेपर्यंत चपला घालून दारात उभी. "चल ना रे, तुझा चहा होईपर्यंत तलाव आटेल!"

दुसऱ्या दिवशी मी पाव आणायला गेलो, तिथे तासभर मोडला. आलो तर म्हणाली, "ताईंना कार्ड लिहून टाकलंसुद्धा." मिळाले का?

तिसऱ्या दिवशी होडीत बसलो. चौथ्या दिवशी परत आलो. तिची डावी चप्पल तिकडे राहिली, इकडे आल्यावर नवा जोड घेतला.

माझ्याकडे सध्या दातांच्या डॉक्टरची पाटी रंगवायला आहे. पांढऱ्यावर निळी अक्षरे. 'चिकित्सक' लिहिताना तुझी आठवण काढून दोनदा तपासले.

खालच्या दोन ओळी तिच्या.

तुझा
धाकटा

ताई, आम्ही खूप मजा केली आणि तुमची आठवण काढली. पुढच्या सुट्टीत पुन्हा तिथेच जाऊ.

ता. २ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे पत्र परवा आले. भाऊजी कामावर जाऊ लागले हे वाचून बरे वाटले.

तू माझ्या पत्राला एकही लाल खूण केली नाहीस. फक्त तिच्या ओळींखाली रेघ मारून विचारलेस, "हे तू सुधारलेस का?"

नाही ताई. मी सुधारले नाही. ती लिहीत होती तेव्हा मी ब्रश धूत होतो. लिहून झाल्यावर कागद हातात घेतला आणि तुला जे दिसले तेच मला दिसले.

माझी सातवीत शाळा सुटली तेव्हा तू मला स्वयंपाकघरात बसवून शिकवलेस ते मी विसरलेलो नाही. शब्दाच्या शेवटी नेहमी दुसरी वेलांटी, फक्त 'आणि' आणि 'नि' ही दोन भावंडे वेगळी, त्यांना पहिली. मी हे लग्नानंतर घाईबाईलाही किती वेळा सांगितले. ती म्हणायची, "सगळ्यांना दुसरी मिळते, मग या बिचाऱ्यानेच काय घोडं मारलंय? मी देणार दुसरी." आणि द्यायची. दाराला चिठ्ठी असायची, 'दुध आणी पाव आण'. बरणीवर 'मिठ'. आमचे ठरले त्या आठवड्यात तिने दिलेल्या पहिल्या चिठ्ठीतही 'मी आणी तू' असेच होते. ती माझ्या पाकिटात आहे. मी दिवसभर दुसऱ्यांची अक्षरे सरळ करतो, ते एक वाकडे अक्षर मला घरी लागायचे.

आता दाराला चिठ्ठी असते, 'दूध आणि पाव आण'. बरण्यांवरचे कागद तिने बदलले. 'मीठ'. लाँड्रीच्या मालकीणबाई रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, "तुमच्या बायकोच्या पावत्या आता छापल्यासारख्या येतात हो." खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू तर काय, टोमणा मारायची संधी सोडतात थोडीच? "काय पाटीवाले, सुट्टीला गेला होतात की बायकोला शाळेत घालायला?"

मी हसलो.

घाईही गेली. चहाचा कप समोर ठेवून ती बसते, साय धरेपर्यंत. मी म्हटले, "गार झाला." म्हणाली, "होऊ दे की, कुठे जायचंय?" तिच्या वेणीचे टोक वाळत नाही. उन्हात बसते, पंख्याखाली बसते, तरी पाठीवर ओला ठिपका असतोच. मी रोज ती निघताना बघतो. आज रुपयाएवढा होता.

तू म्हणशील, बाईमाणूस संसाराला लागले की शांत होते. शिंपीणकाकूही तेच म्हणतात. ती मला टाकून बोलत नाही, चिडत नाही, माझ्याकडे बघून हसते. तक्रार करावी असे काही नाही.

एक लिहायचे राहिले होते. होडी तेव्हा थोडी कलली होती. काळजीचे काही नाही.

तिचे कार्ड मिळाले की जपून ठेव.

तुझा
धाकटा

ता. १७ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र कारखान्यात बसून लिहितो आहे. समोर वाळायला ठेवलेली पाटी आहे आणि दार लावलेले आहे. घरच्यांची चौकशी या वेळी करत नाही, रागावू नकोस.

होडी कलली नव्हती, उलटली होती.

पोहायला मला येत नाही, तिलाही नाही. नावाडी पलीकडच्या बाजूला पडला. माझ्या एका हातात उलट्या होडीची कड होती, दुसऱ्यात तिचे मनगट. कडेला शेवाळ, बोटे टिकत नव्हती. ती बोलत होती, नेहमीसारखी घाईघाईने, "धर, धर, नीट धर!" होडी धर म्हणत होती की हात धर, ते मला अजून कळलेले नाही. मी होडी धरली. दोन्ही हातांनी.

नावाड्याने मला काठाला आणले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. लोक जमले, तिघे जण पाण्यात उतरले. साडेतीनला ती पंपाच्या खोलीकडून काठाकाठाने चालत आली. सावकाश. एका पायात चप्पल. कपडे ओले, पण धाप लागलेली नव्हती. सगळे म्हणाले, नशीब थोर. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू सोडला नाहीस म्हणून वाचले."

ताई, ती हे सगळ्यांना सांगते. मालकीणबाईंना, शिंपीणकाकूंना. काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मान हलवली. आता अडीच महिने मी मानच हलवतो आहे.

गेल्या रविवारी धीर केला. एका पाटीचा मजकूर तिला सांगून उतरवून घेतला. 'शिवण आणि रफू'. तिने लिहिले आणि माझ्याकडे बघितले.

"पहिली वेलांटी ना? तूच तर शिकवलीस."

"कधी?"

"पाण्यात. किती वेळ सांगत होतास, हात धरून. मी म्हणत होते, बास, कळलं मला, आता सोड. तू सोडेचनास."

मी कप विसळायला आत गेलो. चार वेळा विसळला.

आणि आता तू पाठवून दिलेले तिचे कार्ड. तू लिहितेस, टपाल रखडले असेल, शाई ओलीने फुटली असेल. असेलही. मी ते खिडकीजवळ धरून वाचले, मग भिंगातून वाचले. 'ताई, इथे छान आहे पण हा अजून आला नाही. मी खोलीवरच थांबले आहे आणी खिडकीतून बघते आहे. इतका वेळ का लावतो हा?' अक्षर तिचे. घाईने उजवीकडे उतरत गेलेले. तारीख घालायची तिला सवयच नाही, पण टपालाचा शिक्का एकवीस जूनचा आहे. सात जूनला आम्ही इथे घरी होतो.

मी पाव आणायला गेलो होतो, तेव्हाचेच असेल. तासभर लागला होता मला. पेटीत कार्ड दोन आठवडे पडून राहू शकते, हे मी पोस्टात जाऊन विचारून आलो. तिथला माणूस म्हणाला, "राहतं कधीकधी." मी पुन्हा विचारले तर म्हणाला, "अहो, राहतं म्हटलं ना!" मी हे तुला समजावतो आहे की मला, कुणास ठाऊक.

लाँड्री उद्यापासून चार दिवस बंद आहे. तिने आठ दिवस आधीच सांगितले, तिकडे जायचे, तीच खोली घ्यायची. मी म्हटले, "दुसरीकडे जाऊ, डोंगरावर जाऊ." ती म्हणाली, "तिथे माझं राहिलंय ना." चप्पल म्हणते असे मी धरले. बॅग तिने काल भरली, एकेक कपडा घडी करून. मागच्या वेळी झाकणावर बसून बंद केली होती.

आज सकाळी मी विश्रामगृहाला फोन केला. मनात होते की खोली रिकामी नसावी. तिथला माणूस म्हणाला, "वरची, जिन्याकडून दुसरी? ती तुमचीच आहे की. बाईंनी अजून किल्ली परत दिलेली नाही."

मी बॅग उपसली, तिची पर्स बघितली, माझे सगळे खिसे बघितले. आमच्याकडे किल्ली नाही.

मी जाणार आहे, ताई. न जाऊन चालणार नाही, कारण तिथे कुणी वाट बघत असेल तर ती माझीच बघते आहे. आणि जी माझ्याबरोबर येते आहे तिने माझे काही वाकडे केलेले नाही. तिचा चहा मीच करतो, तिची वेणी मीच पुसतो. दोघींना एकच गोष्ट सांगायची आहे, की मी सोडला होता. ते एकदा तोंडातून निघाले की मग जो हात पुढे येईल तो मी धरीन. या वेळी होडी नाही.

पत्र तपासून परत पाठवू नकोस. सगळे मी दोनदा वाचले आहे. खाली एक चूक आहे, ती राहू दे. तिला लाल शाई लावू नकोस.

तुझा धाकटा
आणी ती