मायचा रोजचा शुक्रवार

प्रिय केव्हिन,

नाही रे, तसं होत नाही. उपाशी ठेवून मायचा मेंदू साफ होणार नाही, तिचं विसरणं थांबणार नाही. तू जहाजावर बसून उपासाचा तो व्हिडिओ बघितलास, त्यात माझ्या लॅबसारख्याच माश्या दिसल्या, म्हणून तुला वाटलं, आपली बहीण सांगते तेच हे. अर्धं खरंय ते. काजूच्या पिकल्या बोंडूंवर घोंगावतात ती चिलटं, त्यांच्याही पेशींत कचरा साठतो. काही जीन्स तो कचरा तोडून त्यातलं कामाचं परत वापरायला देतात. जुन्या होडीच्या धड फळ्या काढून नवीला लावतात ना, तसं. भुकेनं ते जीन्स जागे होतात, वय झालं की सुस्तावतात. मला अजूनही हे इतकं भारी वाटतं ना, की बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही सांगत सुटते!

पण माय म्हणजे माशी नाही. तू फोनवर तिला सांगितलंस, रात्रीचं जेवू नको. लेंट चालू होता, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारचा उपास ती तशीही धरायचीच. आता ईस्टर होऊनही किती दिवस झाले, पण तिचा शुक्रवार संपतच नाही. पेज समोर ठेवली की ओरडते, "आज शुक्रार मां? माका पापात घालतंस?" मी म्हणते, माय, आज मंगळवार. तर म्हणते, "झिलान सांगल्यान हा, उपास कर." बाकी सगळं पुसलं गेलं, लेकाचं, तुझं, तेवढं सांगणं मात्र घट्ट बसलंय. शेजारची जेसिंता आंटी सोलकढी घेऊन येते, गोड बोलून दोन घोट पाजते. मायच्या अंगावर आता तिचेच झगे लोंबतात.

आणि माझा रिझल्ट आला. मी माश्यांच्या खाण्यात औषध मिसळून त्यातला एक जीन जागा करून बघितला. बाटली टेबलावर आपटली की तरण्या माश्या सरसर वर चढतात. ज्यांना लहानपणापासून औषध दिलं, त्या म्हातारपणीही चढतायत. ज्यांना उशिरा दिलं, त्या तळाशीच बसून राहिल्या, काही न दिलेल्यांसारख्याच. माझ्या गाईड मॅम खूश झाल्या, म्हणाल्या, क्लीन रिझल्ट आहे, लिहून काढ. मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तू नेहमी म्हणतोस ना, "तुम्ही लॅबवाले शोधून काढाल काहीतरी, तोवर थांबूया." काढतील रे कोणीतरी. मायसाठी नाही.

हे फोनवर बोलता आलं नसतं. आपल्या वाडीतला मितेश पुढच्या आठवड्यात तुझ्याच जहाजावर जॉइन होतोय, त्याच्या हातात हे पत्र देतेय. रविवारी तू फोन केलास, माय किती छान बोलली, हसली, तुला जपून राहा म्हणाली. तू खूश होऊन मला थम्स-अप पाठवलास. फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, "कोण गो तो? बरो बोलता. त्येची आवस आसा मां?" मी म्हटलं, हो, आहे त्याची आई. तू नाताळला येणार आहेस. आत्ताच सुट्टी टाकून ये, असं लिहायला बसले होते. पण आलास तर ती तुला पाहुण्यासारखं बसवेल, चहा विचारेल, आणि तू कधी निघणार याची वाट बघेल. फोनवर निदान ती हसते तरी. तू यावंस, की तिच्यासाठी तो फोनवरचा बरो बोलणारो कोणीतरीच राहावंस? तुला काय वाटतं, केव्हिन?

तुझीच,
ॲश्लिन