योगिनीच्या रक्तातला आकडा

निगडी प्राधिकरण,
९ फेब्रुवारी २०२५

ती. साधनाताईंस,
अर्जुनचा शि. सा. न. वि. वि.

विमलच्या वर्षश्राद्धास आपण आलात, त्यामुळे घर दोन दिवस घरासारखे वाटले. लिहिण्यास कारण आपली भाची योगिनी. तिची आई हृदयविकाराने अशी अचानक गेली, म्हणून डॉक्टरांनी तिचे रक्त तपासले. त्यात ऑक्सिडेटिव्ह ताणाची खूण प्रमाणाबाहेर आढळली. लोखंड गंजावे तसे काहीसे शरीरात चालते म्हणे. अशांना पुढे हृदयरोग अधिक होताना दिसतो. मात्र एकट्या आकड्यावरून निश्चित सांगता येत नाही, म्हणून हृदयाची सोनोग्राफी करावयाची आहे. चाकणच्या कंपनीत तिची रात्रपाळी, जेवणाचा ठिकाणा नाही. मी बोलू लागताच ती कानात हेडफोन घालते. आपले म्हणणे मात्र ती ऐकते.

तिच्यावरील माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
आपला,
अर्जुन

राजगुरुनगर,
१४ फेब्रुवारी

श्री. अर्जुनराव यांस,
साधनाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र म्हणजे कोर्टाची नोटीस! पोरीशीही असंच बोलत असाल, तर ती हेडफोन घालेल नाहीतर काय करेल? शेजारच्या ओमबरोबर मोरावळ्याची बरणी पाठवते आहे. आवळ्यानं असला गंज उतरतो, असं इथले वैद्य सांगतात. रोज सकाळी तिला द्या. तुम्ही फडशा पाडू नका, तुमची गोडाची खोड विमलनं मला सांगितली आहे.

दोघंही जपून राहा, एवढंच मागणं.
साधना

निगडी,
१६ मार्च

ती. साधनाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

योगिनीने हट्टाने पुन्हा रक्त दिले. आकडा मर्यादेत आला. खरी डॉक्टर मावशीच, असे जाहीर करून तिने मला सोनोग्राफी रद्द करण्यास सांगितले. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की आवळ्याने आकडा उतरला असेलही, पण तेवढ्याने हृदयाचा धोका टळला असे मानता येत नाही. आईचा इतिहास पाहता तपासणी हवीच. हे सांगताच ती म्हणाली, बाबांना चांगली बातमी सोसवत नाही.

आपल्या मोरावळ्याविरुद्ध आपणासच बोलावयास सांगणे मला जड जाते. पण तिला पटवणारे दुसरे कोणी आता उरलेले नाही. मंगळवार, २५ तारखेची वेळ मी रद्द केलेली नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
अर्जुन

राजगुरुनगर,
२० मार्च

श्री. अर्जुनराव यांस,
स. न. वि. वि.

योगिनीला फोन केला. म्हटलं, बाई, मोरावळा जिभेपुरता, तू तपासणीला जा. हसली. म्हणाली, मावशी, बाबांनी तुला चांगलंच पढवलंय. मी हट्ट सोडला नाही. मग म्हणाली, आईचे रिपोर्टही चांगलेच आले होते ना? मी फोन ठेवून दिला. अर्जुनराव, बरणी पाठवली नसती तर बरं झालं असतं.

रागावू नका माझ्यावर.
साधना

निगडी,
२६ मार्च

ती. साधनाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

आपणावर राग कसला? विमलचे अहवाल मीच योगिनीला मोठ्याने वाचून दाखवले होते. सर्व आकडे मर्यादेत होते.

काल ती पाळीवरून येऊन झोपली. दोनदा हाक मारली. तिने कूस बदलली. ऐनवेळी येईल, या आशेवर मी दवाखान्यात जाऊन बसलो. योगिनीचे नाव पुकारले गेले आणि मी उभा राहिलो. परिचारिकेने विचारले, काका, पेशंट कुठे आहे? घरी झोपली आहे, असे मी सांगितले. मग त्यांना घेऊन या, असे ती अगदी सौम्यपणे म्हणाली आणि तिने पुढचे नाव पुकारले.

आपणास सोडून हे कोणास लिहू?
अर्जुन