ताकदीची सुई

आप्पा, परवा दुकानात एक जण तुमची सुई मागायला आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाचा असावा, पायाचा चिखल अजून वाळला नव्हता. "ताय, ती लाल सुई हाय का, ताकदीची?" मी म्हटलं, डॉक्टरची चिठ्ठी आणा. तर म्हणतो, "चिठ्ठी कशाला? लावणी उरकली, अंगात काय राह्यलं नाय. आमच्याकडं पयले एक कंपाउंडर होते, ते नुसतं तोंड बघून टोचायचे. दुसऱ्या दिवशी माणूस उभा!" ते कंपाउंडर म्हणजे तुम्ही. मी त्यांची मुलगी, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, दोन दिवस झोपा, पोटभर जेवा, अंडी-मासळी खा, आणि तरी बरं वाटलं नाही तर रक्त तपासून घ्या. तो तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात गेला. तुमच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तरी लोक तुमचा दाखला देऊन माझ्याशी भांडतात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आज तुम्हाला सगळं ऐकवायचंच.

महाडात माझं औषधाचं दुकान आहे, ते काही तुम्ही बघितलं नाहीत. दिवसभर मी हेच विकते, नाकारत नाही. कॉलेजच्या मुली मोबाईलवर काहीतरी बघून केसांच्या गोळ्या मागतात, कारखान्यातली पोरं प्रोटीनचे डबे नेतात, बायका मुलांसाठी त्या जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या नेतात, कुणाला डी हवं, कुणाला बी-बारा. ज्याच्या अंगात कमी आहे त्याला द्यायलाच हवं. पण कमी आहे का, हे बघतो कोण? थकवा आला, घे गोळी. झोप येत नाही, घे गोळी. थकवा का आला हा प्रश्नच कुणाला पडत नाही, आणि मी विचारला तर म्हणतात, ताई, तुम्ही विकायला बसलात की शिकवायला? आपल्या भागाला ही सवय एकट्या तुम्ही लावली नसेल, पण हातभार तुमचा भरपूर आहे.

लावणी संपली की दवाखान्याच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत माणसं बसायची. डॉक्टर आत, पण अर्धे लोक डॉक्टरांकडे जायचेच नाहीत. "कंपाउंडरच्या हातची द्या." तुम्ही स्पिरिटचा बोळा फिरवायचात, जीवनसत्त्वाचं लाल औषध भरायचात, आणि टोचताना त्यांच्या म्हशीची चौकशी करायचात. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक झाली की माणूस खूश, औषध लागलं! मी खिडकीतून बघत असायची. ज्या घरांत आपल्याला पाणी वरून ओतून द्यायचे, ओटीवर बस म्हणायचे नाहीत, त्या घरांतली माणसं तुमच्यासमोर मुकाट बाही वर करून उभी असायची. बौद्धवाडीतल्या माणसाने हात लावलेला चालायचा तेव्हा. तुमची छाती किती फुगायची, ते मला त्या वयातही दिसायचं. आज मी ते समजू शकते, आप्पा. खरंच समजू शकते. पण त्या फुगलेल्या छातीपायी तुम्ही स्वतःच्या बायकोकडे धड बघितलं नाहीत, ते मी कसं समजून घेऊ?

आई दमायची. सारखी दमायची. डोक्यावर हंडा घेऊन कशेडीच्या बाजूची आपली चढण चढताना मध्येच दगडावर बसायची आणि लोक म्हणायचे, कंपाउंडरीणबाई आळशी झाली. केस मूठ-मूठ गळायचे. आवाज जाड झाला होता, बाहेरच्याला वाटायचं घरात दुसरा पुरुष बोलतोय. आणि तुम्ही काय केलंत? दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरी आलात की तिला तीच लाल सुई. मग तिचं अंग सुटायला लागलं, तोंड भरलं, गळा भरला. ती सूज होती हो, सूज! आणि तुम्ही ओटीवर बसून चार माणसांना सांगत होतात, "बघा, आमच्या घरात सुई कशी अंगाला लागलीय." लोक माना डोलवायचे. बाई अंगाने भरली म्हणजे घर सुखी, एवढंच आपल्या लोकांना कळतं. तुम्ही तर दवाखान्यात काम करत होतात. दारात डॉक्टर होते. एकदा, फक्त एकदा, तिला त्यांच्यासमोर नेऊन बसवली असतीत तर काय बिघडलं असतं? कंपाउंडरच्या बायकोला कंपाउंडरच्या सुईने बरं वाटत नाही, हे लोकांना कळलं असतं, एवढंच ना?

तुम्ही गेल्यावर तिने सुई बंद केली. दुसऱ्या कुणाकडून घेतली नाही. मला वाटलं, चला, सुटली. पण मी रक्त तपासायचं नाव काढलं की तिचं एकच ठरलेलं. "तुझे आप्पा एवढी वर्षं दाक्तराकडं होते. त्यांना नाय कळलं आणि तुला कळतंय? मला काय धाड भरलीय?" माझं शिक्षण, माझं दुकान, सगळं एकीकडे आणि भिंतीवरचा तुमचा फोटो एकीकडे. मेलेल्या माणसाशी भांडून कोण जिंकलंय? मी महाडात, ती वाडीवर, महिन्यातून एक-दोनदा जाणं, त्यात निम्मा वेळ ह्याच भांडणात जायचा.

यंदा चैतात गेले तर भर दुपारी ही बाई स्वेटर घालून पडवीत बसलेली. बाहेर पत्रा तापून वाजतोय आणि ही म्हणते, "थंडी हाय गो." तोंड एवढं सुजलेलं की डोळे बारीक झालेले. एक वाक्य बोलायला घेतलं की मध्येच पेंगायची. त्या दिवशी मी विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि शेजारणीच्या मदतीने तिला उचलून आत घातली. शिव्या घातल्या तिने मला पोलादपूरपर्यंत. पुढे महाडपर्यंत झोपली.

थायरॉईड, आप्पा. गळ्यातली एक एवढीशी ग्रंथी, तिचं काम जवळजवळ बंद पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हे काल-परवाचं नाही, पुष्कळ वर्षांचं आहे. हृदयाभोवती पाणी धरलंय. दाखल करा म्हणाले, ती तयार होईना. मग म्हणाले, निदान गोळी सुरू करा, रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी, आणि एकही दिवस चुकवू नका, नाहीतर एखाद्या सकाळी ह्या उठणार नाहीत. मग त्यांनी आईला विचारलं, इतकी वर्षं काय घेत होतात? तर ही ताठ बसून सांगते, "ताकदीची सुई. आमचे हे द्यायचे. कंपाउंडर होते ते." डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, अशा अर्धवट लोकांनीच खेड्यापाड्यांची वाट लावलीय. आणि मी म्हटलं, "हो ना डॉक्टर, मी तर बोलून बोलून दमले." मीही हसले. खोटं काय होतं त्यात?

आईने ते ऐकलं. माझ्या घरी आणली तिला, खोली दिली, सकाळी पाणी आणि गोळी हातात दिली. तिने गोळी खिडकीत ठेवली. "नाय घ्यायची." मी समजावलं, ओरडले, रडले. जावई सांगून बघतो, नातवंडं पाया पडतात, काही उपयोग नाही. रोज सकाळी तोच तमाशा. दिवसभर दुकानात मी लोकांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांगते आणि घरात माझी आई एका एवढ्याशा गोळीसाठी मरायला बसलीय. रोज पहाटे उठून आधी तिचा श्वास चाललाय का ते बघायची, इतकी मी घाबरले होते. शेवटी एका सकाळी माझा तोल गेला. म्हटलं, "त्या माणसाने तुझं अख्खं आयुष्य खाल्लं, आई, आणि तू अजून त्याचीच बाजू घेतेस? काय होत होतं त्या सुईनं? सांग ना, काय होत होतं?"

"काय नाय होत होतं," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. पण तुझ्या आप्पांनी सुई काढली की म्हणायचे, बैस गो जरा, राहू दे चुलीवरचं. माझा दंड धरायचे. टोचून झालं तरी बोळा दाबून बसायचे. अख्ख्या आठवड्यात मला तेवढंच कुणी बैस म्हणायचं." मग त्या जाड आवाजात, "आणि त्या माणसाला तू परक्यासमोर खाली पाडलंस. हसलीस गो तू. त्या दाक्तरला जाऊन सांग ते कसे होते. मग घेते तुझी गोळी."

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मी विरघळले असेन. अजिबात नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोला बैस म्हणायला सुई लागत होती तुम्हाला? ते तर फुकट होतं, रोज म्हणता आलं असतं. बोळा धरून बसायला वेळ होता, मग तोंड वर करून तिच्या चेहऱ्याकडे नीट बघायला काय झालं होतं? आणि तीही कमाल बाई. चुलीपुढून उठायला मिळावं म्हणून दंडात सुया टोचून घेत राहिली आणि कधी अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी मी तुम्हा दोघांवरही इतकी चिडले होते की दुकानात दोन गिऱ्हाइकांना उगाच फाडून खाल्लं.

पण गोळी तिच्या पोटात जायला हवी होती. म्हणून गेले. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंच होतं, आईला घेऊन गेले. वाटेत वाक्य ठरवून ठेवलं होतं. माझे वडील चांगले होते, मागच्या वेळी मी बोलले ते चुकलं. बस, एवढंच. तिला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणायचं आणि विषय संपवायचा. पुढे तिने गोळी घेतली की झालं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, गोळी चालू आहे ना म्हणाले. आई माझ्याकडे बघायला लागली. मी बोलायला सुरुवात केली.

माझे वडील चांगले होते, मी म्हटलं. मग म्हटलं, पावसात रस्ता खचला की तुम्ही डोक्यावर बॅग बांधून वरच्या वाड्यांवर चालत जायचात. बाळंतिणींना खाली आणायला डोली धरायला तुम्हीच पुढे असायचात, आणि ज्या आळीत तुम्हाला अंगणाबाहेर उभं करायचे त्या आळीतलीसुद्धा बाळंतीण तुम्ही खांद्यावरून आणलीत. साप चावला की गावात आधी तुम्हाला हाक, आणि तुम्ही मांत्रिकाशी भांडून माणसाला गाडीत घालायचात. मला दहावीनंतर काकांनी घरी बसवायला सांगितलं तेव्हा तुम्ही जेवायचं ताट सरकवून उठलात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर पेशंट थांबलेत, आई माझी ओढणी ओढून म्हणते, "पुरे गो आता," आणि मी आपली बोलतेच आहे. शेवटी डॉक्टर आईला म्हणाले, मागच्या वेळी मी बोलायला नको होतं, काकू. आईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठायच्या आधीच तिने गोळी घेतलेली होती. आता रोज घेते. सूज उतरतेय, परवा स्वेटर धुवायला काढला, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते म्हणजे बरी होतेय.

माझा राग गेलेला नाही, आप्पा. तिची इतकी वर्षं मला कुणी परत देणार नाही, आणि ती वर्षं तुमच्यामुळे गेली, हे मी शेवटपर्यंत म्हणणार. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आईच्या हाती लागू द्यायचं नाही, फाडून टाकेन. फक्त एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. डॉक्टरांकडे मी आईसाठी खोटं बोलायची तयारी करून गेले होते. खोटं एकही बोलावं लागलं नाही.