उतारावरचं ॲव्हरेज

अण्णा, तुम्हाला लिहायचं मी आज-उद्या करत सगळा पावसाळा घालवला. खरं तर चिडलोय तुमच्यावर, आणि गेलेल्या माणसावर चिडलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

सरकारचं उत्तर आलं. पेट्रोल भडकलं तेव्हा तुम्ही अर्ज केला होता ना, कमी पेट्रोलात जास्त पळणाऱ्या गाडीच्या संशोधनाला पैसे द्या म्हणून? तुम्ही गेलात, मी साजगावच्या कारखान्यातून पळालो, नाशिकला द्राक्षांच्या पेट्या भरल्या, गोव्यात बोटीवर राहिलो (तिथली भजी! पण ते असो), आणि आता यांना जाग आली. सोमवारी साहेब आपली टॅक्सी चालवून बघणार. पास झाली तर अनुदान.

पास कशी होईल, अण्णा? सायलेन्सरला तांब्याची नळी गुंडाळलीत, तिच्यातून पेट्रोल गरम करून इंजिनात सोडलंत, सलाईनच्या बाटलीत पेट्रोल भरून, ती टांगून किती लागतं ते मोजलंत, सगळं मान्य. पण मोजलंत कायम खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना! मी एकदाच विचारलं, "चढताना का नाय मोजत?" तर तुम्ही पाना आपटलात. "चढताना गाडीत पॅसिंजर असतात. प्रयोगाला शांतता लागते रं. दोनदा नापास झालेला मला शिकवतो!" अहो, उतारावर बैलगाडीसुद्धा ॲव्हरेज देते!

हे आईला कोण सांगणार? कुंभिवलीच्या नाक्यावर लोक अजून तिला चिडवतात, "काय वयनी, पाण्यावर चालली का गाडी?" ती म्हणते, "येऊं दे सायबाला, मग बगा." कालपासून ती नळी चिंचेनं घासत बसलीय. मी ठरवलंय, गाडी बंद पडलीय सांगून साहेबाला परत धाडायचं. म्हणजे निदान तुमचं हसं तरी...

बाहेर हॉर्न वाजतोय. थांबा.

साहेब आजच आलेत, शनिवारीच! चहा पिऊन म्हणाले, "कुठल्या रस्त्यानं जायचं?" मी तोंड उघडायच्या आत आई पदर खोचून म्हणाली, "वर जाताना मोजू नका, सायेब. खाली येताना मोजा. हे तसंच मोजायचे." आणि तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. तिला ठाऊक होतं, अण्णा. पहिल्यापासून.

चावी घ्यायला आत आलोय. हा कागद डिकीत तुमच्या पान्यांखाली राहील. बंद पडल्याचं काही बोललो नाही मी. बाटली टांगतोय.