बिरूच्या नावाची जागा

सोलापूर,
१४ जून २०२५

सोनाली,

प्रिय लिहिलं तर तू तिथंच कागद मिटशील, म्हणून नुसतंच नाव. कशी आहेस? हॉस्टेलच्या जेवणानं पोट अजून बिघडतं का? इकडे आईचे गुडघे तसेच, आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत तेही तसंच. ज्याला मारलं म्हणून माझं कॉलेज सुटलं, तो परवा सात रस्त्याच्या चौकात भेटला. चहा पाज म्हणाला. पाजला. तुझ्यावरून काय बोलला होता ते तो विसरलाय. मी विसरलो नाही, पण हात उचलला नाही. हे तुला कळावं असं वाटलं.

फोन ब्लॉक केलास म्हणून तुझ्या मैत्रिणीबरोबर, उत्कर्षाबरोबर, कागद पाठवतोय. तिनं वाचलेला नाही.

आता आमच्या प्रेसनं अंगणवाड्यांसाठी काढलेल्या पुस्तकाचं. तू म्हणालीस, तुझी अक्का तिच्या बिरूला विसरत चाललीय, तिचं गाणं पुस्तकातून पुरतं काढून टाक आणि तिच्या सासरी फिरकू नकोस. मी ओरडलो, तुम्ही सगळे त्या पोराला पुसून टाकताय म्हणालो. ओरडायला नको होतं. बोललो ते मात्र मागे घेत नाही.

तुला पुरतं माहीत नाही म्हणून सांगतो. ते गाणं छापलंय तसं असं आहे: काळ्या मेंढीची लोकर कातली, पांढऱ्या मेंढीची दुलई घातली, दुलईत निजलं कोण? आणि पुढे ठिपके. तिथं प्रत्येक आईनं आपल्या लेकराचं नाव घालायचं. पानावरच्या कोडवर मोबाईल धरला की अक्काचा आवाज येतो, आणि ठिपक्यांच्या जागी ती म्हणते, "बिरू." दिवाळीत आपण दोघं रेकॉर्डिंगला गेलो तेव्हा तिचं ते लेकरू मांडीवरच होतं. ते नाव मी कापून जागा मोकळी ठेवायची होती. पण नाव ऐकून तो हसला होता, आणि तुला ऐकवलं तेव्हा तू म्हणालीस, "बसू, हे असंच राहू दे हं." एवढ्यावर राहू दिलं. तू म्हणाली असतीस तर अख्खं पुस्तक त्याच्या नावानं छापलं असतं.

फेब्रुवारीत तो तापानं गेला, आणि अक्काच्या सासरी, दुधनीच्या बाजूला, सगळ्यांना कळलं. गेलेल्या पोराचं नाव आपल्या पोराच्या पाळण्यावर कोण म्हणेल? अंगणवाडीच्या तायांचे प्रेसमध्ये फोनवर फोन. एका बाईनं तर पुस्तक फडक्यात गुंडाळून परत आणून दिलं, हात लागू नये म्हणून.

आमचे मालक आबासाहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत ते नाव काढ. न्हायतर दुसरी बाई आणून गाऊन घेतो." मी स्टेपलर भिंतीवर मारला. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "भिंतीचं झालं का? आता गाण्याचं बघ."

बसलो कापायला. सोनाली, नाव संपायच्या आत तो हसतो. नाव कापलं की हसू जातं. एकाच माइकवर दोघं, वेगळं होत नाही. सगळं करून पाहिलं. मला एकट्याला ते बटण दाबवेना, म्हणून गुरुवारी अक्काकडे गेलो.

दारात तिची सासू निंगव्वा. "आलास व्हय, पाळणा रिकामा काढनारा?"

मला कळेचना. मग कळलं. त्या पानावरचं चित्र मीच काढलंय. बाभळीला टांगलेला पाळणा, आत बाळ दिसत नाही. प्रत्येक आईला आपलंच दिसावं म्हणून काढलं नव्हतं.

"रिकामा पाळणा हलवू न्हाई, एवढं बी कुनी शिकवलं न्हाय तुला? तू तर छापून गावोगाव वाटलास."

उठता बसता भांडणारा मी, तिथंच उंबऱ्याशी खाली बसलो. हे तुला सांगणार नव्हतो. तेव्हापासून ते पान माझ्याच्यानं उघडवत नाही.

"आत्याबाई, पानी तरी पिऊ द्या त्याला," अक्का म्हणाली. खूप वाळलीय. मी तिला सगळं सांगितलं. तिनं फार वेळ घेतला नाही.

"काढ. दुसऱ्यांची लेकरं हायत. त्यांच्या आयास्नी भ्या वाटनारच की."

"अक्का, हसूपण जाईल."

"कळलं रं. येकदा सांगितलंस की." मग म्हणाली, "तुज्या मोबाईलात पुरं हाय न्हवं? लाव."

लावलं. कानाशी धरून ऐकलं, मोबाईल माझ्या हातात दिला, आणि हाक मारावी तसं मोठ्यानं म्हणाली, "बिरू." आत भांडी घासत होतं कुणी, ते थांबलं. निंगव्वा उठून मेंढरांकडे गेली.

"बघ, आसं करत्यात. ह्या घरात त्येचं नाव कुनी घेत न्हाय. मी अंगनवाडीच्या मागं जाऊन हुबी ऱ्हायची. तितं गानं लावलं की पोरं म्हनायची, बिरू, बिरू." मग तुझ्यावर आली. "सोनी आली की लई करती माजं. येणी घालती, भाकरी करती. त्येचं नाव काडलं की उठून जाती."

मी म्हणालो, हे गाणं तुमच्या मोबाईलमध्ये घालून देतो.

"नगं. त्यात त्यो निस्ता हसतोय. रडायचा बी की लई. त्ये कुनाला तरी सांगायचंय मला."

ती विसरत नाही, सोनाली. तुम्हाला ऐकवत नाही म्हणून गप्प बसते.

आज दुपारी कापलं. "निजलं कोण?" नंतर आता काहीच नाही. आबासाहेबांनी ऐकलं, ठीक म्हणाले. गाणं मात्र पुस्तकात ठेवलंय. आवाज अक्काचाच आहे आणि तो मी काढणार नाही, तू सांगितलंस तरी.

सुट्टीत तू तिच्याकडे जाशीलच. तिला विचार, बिरू कसा रडायचा. ती सांगेल तेवढं ऐक, आणि मधे उठू नकोस. मला उत्तर नको. पाहिजे खरं तर, रोज फोन बघतो. पण तेवढं एकच करायचं झालं तर मला लिहू नकोस, तिच्याजवळ बस.

आजवर तुझा शब्द न मोडलेला, आणि आता मोडलेला,
बसू