कोलशेतच्या मैदानाचा वारस

मी, धाकू देवराम कोळी, वय एकोणसत्तर, धंदा मासेमारी, राहणार कोलशेत, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि चांगलाच संतापून लिहीत आहे. संतापाने डोके फिरलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी शेवंती हिची. तिने तीस वर्षे आमच्या फुटबॉल क्लबच्या जर्स्या धुतल्या. एकाही मॅचला तिला कोणी खुर्ची दिली नाही, मीसुद्धा नाही.

२. जाळी आणि वल्ही भावकीने वाटून घ्यावीत. होडी वाटायला शिल्लक नाही. का नाही, ते लिहितो.

कोलशेत खाडी स्पोर्ट्स हा क्लब मी १९६१ साली काढला. होडी किनाऱ्याला लागली की प्रत्येक घर मासळीची एक पाटी क्लबसाठी बाजूला काढायचे. त्यावर बूट यायचे, लीगची फी भरली जायची. कप कधी जिंकला नाही, पण जिल्हा लीगमध्ये पहिल्या चारांत असायचो. मग १९९० साली माझा पुतण्या दामाजी अध्यक्ष झाला. आयत्या बिळावर नागोबा! म्हणाला, "काका, पाट्या विकून कप येतो काय? प्लेअर विकत घ्यायला लागतात." डोळे मिटण्याआधी कप बघायची हाव मलाही होती. मी होडी विकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दामाजीने मुंबईहून पाच खेळाडू आणले. लीगचा फॉर्म घेऊन आला. "सही करा काका, घरचंच आहे, वाचायचं काय त्यात?" मी सेक्रेटरी. केली सही. त्या कागदाने गावची पाच पोरे क्लबमधून कमी झाली. त्यांत नामा होता. माझ्या होडीवरच्या कुंडलिकचा मुलगा. कुंडलिक गेल्यावर नवव्या वर्षापासून आमच्याच ताटात जेवलेला. मी म्हटले, "अरे, मला ठाऊक नव्हतं रे." तो एवढेच म्हणाला, "काका, सही तुमची आहे."

आमचे मैदान खाडीला लागून. उधाणाची भरती आली की पाणी कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत येते. चिखलाखाली जमीन कुठे घट्ट आहे, हे आमच्या पोरांच्या तळपायांना ठाऊक. मुंबईचा स्ट्रायकर मला विचारतो, "आम्ही काय म्हशी आहोत काय?" मेल्या, म्हैस बरी, ती निदान पडत नाही! त्यातले दोघे अर्ध्या सीझनमध्ये जास्त पैशांसाठी कोपरीच्या क्लबमध्ये गेले. इकडे गावाने पाट्या बंद केल्या. ज्याचा पोरगा मैदानात नाही, तो पाटी कशाला काढील? त्यांचे काय चुकले?

पुढच्या वर्षी शेवटची मॅच विठ्ठलवाडीशी. बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो. दोन-शून्य हरलो आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलो. दोन्ही गोल आता विठ्ठलवाडीकडून खेळणाऱ्या नामाचे. मॅच संपल्यावर पोरगा चिखलाने भरलेल्या हातांनी माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. दामाजीचा राग मी त्याच्यावर काढला. याची लाज मला रोज वाटते.

३. कप ठेवायला दामाजीने सीझनच्या आधीच काचेचे कपाट घेतले होते. ते, आहे तसे रिकामे, दामाजीला.

४. मैदानाची जमीन माझ्या स्वतःच्या नावावर आहे, वाटणीत माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेली मासळी सुकवायची जागा. ती बिल्डरला विकून आणखी तीन खेळाडू आणायचा दामाजीचा बेत आहे. अजून अक्कल आली नाही! सदर जमीन मी संपूर्णपणे नामा कुंडलिक कोळी यास देत आहे. त्याने विकू नये, तिथे गावच्या पोरांना खेळवावे. माझ्या मातीला तो आला, तर त्याला कोणी अडवू नये.

५. दामाजी कोर्टात जाईल, हे मला माहीत आहे. म्हणून साक्षीदारांत त्याचीच सही घेणार आहे. मी कागद पुढे करीन आणि म्हणेन, "सही कर बाळा, घरचंच आहे, वाचायचं काय त्यात?"

ठिकाण: कोलशेत, ठाणे
तारीख: ८ नोव्हेंबर १९९२

(सही) धाकू देवराम कोळी

साक्षीदार:
१. (सही) शिवराम भिकाजी गायकवाड, लीगचे रेफरी, राहणार कोपरी. वाचून सही केली.
२. (सही) दामाजी सीताराम कोळी, पुतण्या, राहणार कोलशेत.