फळीवर राहिलेला बिल्ला

हॅनोव्हर,
१६ ऑक्टोबर २०२५

ताई,

नमस्कार करतो. घ्यायचा की नाही ते तू ठरव. दोन वर्षं होत आली, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते मध्येच कापता तरी येत नाही.

आम्ही बरे आहोत. थंडी सुरू झालीय. झाबिनेच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. मी रिटायर झालो. घरात बसून डोकं खातो म्हणून साठीला तिने मला मेटल डिटेक्टर दिला. शनिवारी गावाबाहेर जाऊन माती उकरतो. हस हवं तर. इथे त्यालाही परवाना लागतो, कोर्स करावा लागतो, आणि जुनं काही सापडलं की जागा टिपून ते आम्टात, म्हणजे सरकारी कचेरीत, दाखवावं लागतं. मी घोड्याचा नालसुद्धा नेऊन दाखवलाय.

गेल्या शनिवारी एका बंद पडलेल्या रेल्वे लाइनीजवळ मशीन वाजलं. तिथे पूर्वी वर्कशॉप होतं. वीतभर खाली पितळी बिल्ला निघाला. वर भोक, मध्ये आकडा, २१४. थुंकी लावून पुसला आणि तिथेच ओल्यात बसलो.

अगदी नानांच्या बिल्ल्यासारखा. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फाटकावर फळी होती, आठवतं? सकाळी आपला बिल्ला काढून न्यायचा. भोंगा वाजला की फळीला कुलूप, आणि ज्याचा बिल्ला फळीवर राहिला तो त्या दिवशी गैरहजर. नानांचा ४१७ एकतीस वर्षांत एकदाही राहिला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी तो देवाजवळच्या खिळ्याला टांगला.

आणि तू तो भीमेत सोडलास. वर्षश्राद्धाच्या दिवशी, मला न विचारता. फोनवर मी तुला काय काय बोललो ते मला पाठ आहे. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू?

पण खोटं तर मी आधीच बोललोय.

दहाव्याला कावळा शिवत नव्हता. दीड तास तू उन्हात उभी होतीस. शेवटी पिंडाजवळ तो बिल्ला ठेवून म्हणालीस, "नाना, हा मी शशीच्याच हातात देईन. तो येईल." मग शिवला. हे दाजींनी सांगितलं, तू कधीच बोलली नाहीस. वर्षभर बिल्ला सांभाळलास. मी आलो नाही.

नाना गेले तेव्हा तुला सांगितलं होतं, माझे कागद आम्टात अडकलेत, देश सोडता येत नाही. वर्षश्राद्धालाही तेच सांगितलं. ताई, कागद कुठेही अडकले नव्हते. पासपोर्ट ड्रॉवरमध्ये होता. झाबिनेने तिकीट काढलं होतं, बॅगही भरली होती. म्हणाली, "जा शशी, वडील आहेत ते."

मी गेलो नाही. लग्नानंतर तिला घरी आणली तेव्हा आठ दिवस नाना तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती जेवून उठली की तिचा पाट धुवायला लावायचे, तिच्यादेखत. ती विसरली. मी नाही विसरलो. मला त्यांना शिक्षा करायची होती. म्हटलं, बसा आता माझी वाट बघत. गेलेल्या माणसाचं काय जातंय? उन्हात उभी राहिलीस तू.

आता गंमत बघ. हा २१४ मी आम्टात दाखवला नाही. गपचूप खिशात घातला. इतक्या वर्षांत इथला एकही नियम मोडला नव्हता, तो मोडला कुणासाठी, तर ज्याचं नावही माहीत नाही अशा जर्मन कामगाराच्या बिल्ल्यासाठी. बापाच्या वेळी मात्र नियम पुढे केले, तेही खोटे. झाबिनेला दाखवला तर म्हणाली, "परत कर. हा तुझा नाही." सोमवारी नेऊन देतो.

नानांचा सोडलास ते बरोबरच केलंस. माझ्यासाठी कुठवर जपून ठेवणार होतीस?

माघात त्यांची तिथी आहे. मी येतोय, तिकीट या वेळी मी काढलंय. दार उघडायचं की नाही हा तुझा प्रश्न. नाही उघडलंस तर अंगणात दीड तास उभा राहीन आणि परत जाईन. भोंगा केव्हाच वाजून गेलाय, तेवढं मला कळतं.

झाबिनेने तुला नमस्कार सांगितलाय. तिचा तरी घे.

फळीवर राहिलेला,
शशी